निपाणी

निपाणी हे कर्नाटक राज्याच्या बेळगाव जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले शहर आणि तालुक्याचे ठिकाण आहे. पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगावच्या उत्तरेस सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर ते वसले आहे. विडीच्या तंबाखूची बाजारपेठ म्हणून निपाणीचे नाव देशभर झाले. मराठी वाचकांना हे शहर आणखी दोन कारणांनी परिचित आहे : १९५६ पासून चालत आलेला महाराष्ट्र–कर्नाटक सीमाप्रश्न आणि १९८१ मधील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ६० हजारांहून अधिक आहे.

== नाव ==
कन्नडमध्ये शहराचे नाव ‘निप्पाणी’ असे लिहिले जाते, मराठीत ‘निपाणी’ हेच रूप रूढ आहे. जेथे पाणी नाही ते ‘नि-पाणी’, अशी या नावाची लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. लोकव्युत्पत्ती जेवढ्या विश्वासाने घ्यावी तेवढ्याच विश्वासाने ती घ्यावी; परंतु तिला परिस्थितीचा आधार आहे, हे खरे. शहराच्या मधून नदी वाहत नाही. जवळची वेदगंगा काही किलोमीटरवरून, यमगर्णी गावाजवळून वाहते, आणि शहराचा पाणीपुरवठा तिच्यावर व जवाहर तलावावर अवलंबून राहिला आहे. उन्हाळ्यात तलावाची पातळी किती उतरली ही येथील दरवर्षीची चर्चा असते.

== भौगोलिक स्थान ==
सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून पठाराकडे येताना डोंगररांगा जेथे विरळ होत जातात, त्या पट्ट्यात निपाणी आहे. उत्तरेला दूधगंगा आणि जवळून वाहणारी वेदगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत काळी कसदार जमीन आहे. वेदगंगा दूधगंगेला आणि दूधगंगा पुढे कृष्णेला मिळते. दक्षिणेस महामार्ग तवंदी घाट चढून संकेश्वरकडे जातो.

शहराचे महत्त्व मुख्यतः रस्त्यांमुळे आहे. उत्तर–दक्षिण महामार्गाखेरीज राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटमार्गे कोकणात उतरणारा देवगड–निपाणी मार्ग येथे येऊन मिळतो, तर पूर्वेकडे चिकोडी–मुधोळच्या दिशेने रस्ता जातो. त्यामुळे कोकण, कोल्हापूरचा ‘घाटमाथा’ आणि कन्नड भाषक पूर्व पठार या तिन्ही प्रदेशांचा माल येथे एकत्र येत आला. रेल्वे मात्र निपाणीला कधीच आली नाही. कोल्हापूरला १८९१ मध्ये मिरजेहून लोहमार्ग पोहोचला, बेळगावही रेल्वेने जोडलेले होते. या दोहोंच्या मधल्या निपाणीचा सगळा व्यापार आधी बैलगाडीवर आणि नंतर मालमोटारीवर चालला. मालमोटारीचे चालक, क्लीनर, गॅरेजमधील मिस्त्री आणि हमाल यांचा मोठा वर्ग शहरात तयार झाला, तो यामुळेच.

== इतिहास ==

=== निपाणकर देसाई ===
अठराव्या शतकाच्या अखेरीस निपाणी हे सिधोजीराव नाईक-निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई निपाणकर यांच्या सत्तेचे केंद्र होते. पेशव्यांकडून ‘सरलष्कर’ हा किताब मिळवलेले हे सरदार त्या काळाचे नमुनेदार प्रतिनिधी होते : मालकी एका गावाची, महत्त्वाकांक्षा एका संस्थानाची आणि निष्ठा प्रसंगानुसार. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात त्यांचे पथक आर्थर वेलस्लीच्या फौजेबरोबर होते. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पाठबळावर त्यांनी कोल्हापूरकर छत्रपतींशी दीर्घकाळ संघर्ष केला. चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके या संघर्षाच्या मुळाशी होते. ते काही काळ निपाणकरांच्या ताब्यात गेले. १८१७–१८ मध्ये पेशवाई कोसळत असताना निपाणकर बाजीरावाच्या मदतीला मनापासून उतरले नाहीत. त्यामुळे त्यांची जहागीर वाचली, पण चिकोडी व मनोळी इंग्रजांनी कोल्हापूरला परत दिले. कोल्हापूरलाही ते फार काळ लाभले नाहीत. १८२० च्या दशकाअखेर ते कंपनी सरकारने आपल्याकडे घेतले. सीमा कोठे आखावी हा प्रश्न या भागाला १९५६ मध्ये प्रथमच पडला असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

सिधोजीरावांच्या मृत्यूनंतर, १८३९ मध्ये, औरस वारस नसल्याच्या कारणावरून जहागीर खालसा करण्यात आली. हा निर्णय सर्वांनी निमूटपणे स्वीकारला नाही. १८४१ मध्ये देसायांच्या पक्षाच्या लोकांनी अरब शिबंदीच्या साहाय्याने निपाणीचा भुईकोट किल्ला ताब्यात घेतला. इंग्रज फौजेने वेढा घालून तो परत घेतला आणि पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून तटबंदी पाडून टाकली. कोल्हापूर भागातील १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावाआधीचा हा उठाव इतिहासग्रंथांत बहुधा दोन-चार ओळींतच आटोपतो. शहरात निपाणकरांचा वाडा त्या काळाची खूण म्हणून उभा आहे.

=== इंग्रजी अमदानी ===
१८३६ मध्ये धारवाड जिल्ह्याचे विभाजन होऊन बेळगाव जिल्हा निर्माण झाला. खालसा झालेली निपाणी त्याच जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यात समाविष्ट झाली आणि अशा रीतीने मुंबई इलाख्याचा भाग बनली. सभोवतालची अनेक गावे मात्र कोल्हापूर संस्थान आणि त्याच्या कागलसारख्या जहागिरींत होती. म्हणजे शहर इंग्रजी मुलखात आणि त्याचा बाजार भरवणारी खेडी संस्थानी मुलखात, अशी विभागणी तेव्हाही होती. दोन कायदे, दोन प्रकारचे कर आणि मध्ये एक ओढा किंवा बांध, ही स्थिती येथील व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

या परिसराला सामाजिक चळवळींच्या इतिहासातही स्थान आहे. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती आणि तिला राजर्षी शाहू महाराज उपस्थित होते. त्यानंतर पाच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन निपाणीत झाले. तेही आंबेडकरांच्याच अध्यक्षतेखाली.

== तंबाखू ==
निपाणी परिसरात पिकणारा तंबाखू मुख्यतः विडीचा आहे. गुजरातमधील चरोतर (खेडा–आणंद) आणि निपाणी हे देशातील विडी तंबाखूचे दोन प्रमुख पट्टे मानले जातात. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूप्रमाणे हा भट्टीत वाळवला जात नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीस रोपे तयार करून ऑगस्ट–सप्टेंबरच्या सुमारास लावण करतात. झाड वाढीला लागले की शेंडा खुडतात आणि नंतर पानांच्या बगलेतून येणारे फुटवे वरचेवर काढून टाकतात, जेणेकरून सारा कस मोजक्या पानांत उतरावा. पक्व झालेले पीक कापून शेतातच उन्हात वाळवले जाते. पाणी कमी लागते, काळ्या जमिनीत दवावर पीक तग धरते आणि एकरी पैसा इतर कोरडवाहू पिकांहून अधिक मिळतो. पाण्याची ओढ असलेल्या या भागात तंबाखू रुजण्याचे कारण हेच. निपाणी येथील कृषी संशोधन केंद्रात या पिकाच्या वाणांवर संशोधन झाले आहे.

विसाव्या शतकात येथे तंबाखूच्या व्यापाराचा विस्तार झाला आणि त्यात गुजराती व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. शेतकऱ्याकडून घेतलेला माल वखारीत साठवायचा, तो कुटून, चाळून, प्रतवारी करून वेगवेगळ्या शेतांतील तंबाखूचे ठरावीक मिश्रण बनवायचे आणि पोती भरून विडी कारखानदारांकडे पाठवायचे, असे या धंद्याचे स्वरूप आहे. तंबाखूचा ‘कडकपणा’ ओळखून मिश्रण करणे हे अनुभवाचे काम समजले जाते. सिन्नर, संगमनेरपासून मंगळूरपर्यंतच्या विडी व्यवसायाशी निपाणीचा संबंध अशा रीतीने जोडला गेला.

१९४३ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. तेव्हापासून वखारी परवान्याखाली आल्या आणि पोत्यागणिक नोंद ठेवणे बंधनकारक झाले. प्रक्रिया न केलेल्या तंबाखूवरील हा कर १९७९ मध्ये रद्द झाला. व्हर्जिनिया तंबाखूसाठी पुढे तंबाखू मंडळ आणि लिलावाची व्यवस्था उभी राहिली. विडी तंबाखूला असा कोणताही आधार मिळाला नाही. भाव ठरवणारा व्यापारी, माल तोलणारा व्यापारी आणि पैसे केव्हा द्यायचे ते सांगणाराही व्यापारीच, अशी रचना कायम राहिली. माल नाशवंत नसला तरी शेतकऱ्याची गरज थांबणारी नसते, हे व्यापारी जाणून होते.

=== वखारीतील स्त्रिया ===
वखारींतील कुटण्या-चाळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे होते. बंद जागेत दिवसभर तंबाखूची धूळ अंगावर घेत हे काम चाले. खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ, मळमळ हे त्याचे नित्याचे परिणाम होते. मजुरी अत्यल्प होती आणि मालक सांगेल ती वेळ हीच कामाची वेळ होती. कामगारांमध्ये दलित, मुस्लिम आणि इतर गरीब कुटुंबांतील स्त्रिया होत्या. देवदासी म्हणून सोडलेल्या स्त्रियांचे प्रमाणही लक्षणीय होते. कुटुंबाचा आधार नसलेल्या स्त्रीला कामावरून काढण्याची धमकी सर्वाधिक परिणामकारक ठरते, हे येथे उघड दिसत होते.

१९७० च्या दशकाअखेरीस या स्त्रिया संघटित होऊ लागल्या. प्रा. सुभाष जोशी यांचे नेतृत्व या संघटनेला लाभले; ते पुढे आमदारही झाले. मजुरीतील वाढ, कामाचे निश्चित तास आणि कायद्याने देय असलेल्या सवलती या साध्या मागण्यांसाठी संप करावे लागले. अनिल अवचट यांनी आपल्या वृत्तान्तलेखनातून निपाणीच्या तंबाखू कामगारांचे जीवन महाराष्ट्रातील वाचकांसमोर आणले. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा मराठी माहितीपट तयार केला. दीपा धनराज यांचा सहभाग असलेला हा माहितीपट भारतातील स्त्रीवादी माहितीपटांच्या आरंभीच्या कृतींमध्ये गणला जातो. वखारीतील स्त्रिया त्यात स्वतःच बोलतात.

=== १९८१ चे आंदोलन ===
चाकण परिसरातील कांद्याच्या आणि नाशिकमधील कांदा-उसाच्या आंदोलनांनंतर शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी निपाणीच्या तंबाखू प्रश्नाकडे लक्ष वळवले. तंबाखूला उत्पादनखर्चावर आधारित भाव मिळावा, ही मुख्य मागणी होती. १४ मार्च १९८१ रोजी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग अडवला. कुटुंबकबिल्यासह, बैलगाड्या घेऊन हजारो शेतकरी रस्त्यावरच मुक्कामाला आले आणि त्या वस्तीला ‘आंदोलननगर’ असे नाव मिळाले. दक्षिणोत्तर वाहतुकीची ही मुख्य वाट २४ दिवस बंद राहिली.

६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी आंदोलकांना हटवण्यासाठी कारवाई केली. जोशी यांना अटक झाली आणि त्यानंतर झालेल्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. कर्नाटकात त्या वेळी आर. गुंडुराव यांचे सरकार होते. आदल्याच वर्षी नवलगुंद येथील शेतकरी आंदोलनातही गोळीबार झाला होता. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी ६ एप्रिलला निपाणीत अभिवादन केले जाते.

या आंदोलनाचा एक विशेष सहसा दुर्लक्षित राहतो. सीमाप्रश्नावरून ज्या भागात मराठी आणि कन्नड असे दोन तट पडले होते, तेथेच दोन्ही भाषा बोलणारे तंबाखू उत्पादक भावाच्या मागणीसाठी एका रस्त्यावर बसले. भाषेचा वाद त्यामुळे मिटला नाही. पण त्या चोवीस दिवसांत तो मागे पडला.

== सीमाप्रश्न ==
मे १९४६ मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. राज्य पुनर्रचनेत मात्र चंदगड तालुका वगळता संपूर्ण बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला (आताचे कर्नाटक) जोडण्याचे ठरले. जानेवारी १९५६ मध्ये या निर्णयाविरुद्ध सीमाभागात उसळलेल्या आंदोलनात गोळीबार झाले. त्यातील हुतात्म्यांमध्ये निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचा समावेश आहे. १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून, तर पुनर्रचना अमलात आली तो १ नोव्हेंबर हा ‘काळा दिवस’ म्हणून मराठी संघटना पाळतात. कर्नाटकात तोच दिवस राज्योत्सवाचा असतो. एकाच शहरात एकाच दिवशी एका बाजूला निषेध आणि दुसऱ्या बाजूला उत्सव, असे चित्र त्यामुळे दरवर्षी दिसते.

महाराष्ट्राने आपला दावा मांडताना खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही पाटसकर सूत्रातील तत्त्वे आधारभूत मानली. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर, ऑक्टोबर १९६६ मध्ये, केंद्र सरकारने न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली. परंतु निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह सुमारे २६० गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले. त्याच अहवालात महाराष्ट्रातील काही भाग कर्नाटकाला देण्याचीही शिफारस होती. कर्नाटकाने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने तो अन्यायकारक ठरवून फेटाळला, आणि त्याची अंमलबजावणी झाली नाही.

निपाणीच्या दृष्टीने हा परिणाम विलक्षण आहे. ज्या अहवालाने हे शहर महाराष्ट्रात जावे असे सांगितले, तो नाकारणारे राज्य महाराष्ट्र होते, आणि ज्या राज्याला हे शहर गमवावे लागले असते त्याने तो मान्य केला होता. दोन्ही भूमिकांमागे बेळगाव होते. सीमाप्रश्नाची चर्चा बहुधा बेळगावभोवतीच फिरत राहिल्याने लहान शहरांचे प्रश्न तिच्या छायेत राहिले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला; त्यात निपाणीसह ८६५ गावांवर हक्क सांगितलेला आहे.

महाराष्ट्र एकीकरण समितीचा निपाणीच्या राजकारणावर अनेक वर्षे प्रभाव होता. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र विधानसभेच्या लढती मुख्यतः राष्ट्रीय पक्षांमध्ये होऊ लागल्या. मराठी भाषक मतदार मराठी बोलणाऱ्या, पण राष्ट्रीय पक्षांच्या उमेदवारांना मते देऊ लागले. याला काही जण सीमालढ्याची पीछेहाट मानतात, तर काही व्यवहाराने काढलेला मार्ग. प्रश्नाची धग अधूनमधून पुन्हा जाणवते. डिसेंबर २०२२ मध्ये दोन राज्यांत तणाव वाढला, तेव्हा बेळगावकडे निघालेल्या महाराष्ट्रातील नेत्यांना निपाणीच्या उत्तरेकडील कोगनोळीजवळ, दूधगंगेच्या पुलाच्या परिसरात अडवण्यात आले होते. त्याआधी कोरोना साथीच्या काळातही याच कोगनोळी नाक्यावर प्रवाशांची तपासणी होत असे आणि एरवी न जाणवणारी सीमा तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना एकदम जाणवली.

== भाषा आणि शिक्षण ==
शहरात मराठी ही बहुसंख्यांची भाषा आहे. कन्नड आणि उर्दू याही बोलल्या जातात. येथील मराठी कोल्हापुरी वळणाची असून तीत कन्नड शब्द आणि हेल सहज मिसळलेले आहेत. बाजारपेठेत दोन्ही भाषा जाणणारा माणूस अपवाद नसून नियम आहे. प्रश्न येतो तो कागदाचा. सात-बाराला समकक्ष असा जमिनीचा उतारा, सरकारी अर्ज, न्यायालयीन नोटीस हे सारे कन्नडमध्ये असते. अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असलेल्या भागात महत्त्वाची सरकारी कागदपत्रे त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षक तरतुदींचे तत्त्व आहे. ते प्रत्यक्षात पाळले जात नाही, ही मराठी संघटनांची जुनी तक्रार आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला राज्य सरकारच्या नोकरीसाठी कन्नड आवश्यक, तर महाराष्ट्रातील नोकरीसाठी अधिवासाची अडचण, या पेचातून अनेक कुटुंबांनी इंग्रजी माध्यमाचा रस्ता धरला. सीमेवरील मराठी शाळांसमोरचे आव्हान केवळ कन्नडसक्तीचे नाही, ते हेही आहे.

सीमेच्या अनियमिततेचे उत्तम उदाहरण म्हणजे देवचंद महाविद्यालय. १९६० मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय तंबाखू व्यापारी व सार्वजनिक कार्यकर्ते देवचंद शहा यांच्या नावाने ओळखले जाते. ते निपाणीला अगदी खेटून असले तरी ज्या अर्जुननगरमध्ये आहे, ती वसाहत महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात मोडते. त्यामुळे महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, पण त्याच्या पत्त्यातील पिनकोड निपाणीचा, म्हणजे कर्नाटकातील टपाल कार्यालयाचा आहे. निपाणीतील विद्यार्थी रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात शिकू शकतो. शहरातच असलेले बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकातील विद्यापीठाच्या कक्षेत येते. दोन विद्यापीठांतून निवड करण्याची अशी सोय मोठ्या शहरांनाही क्वचितच मिळते.

== प्रशासन आणि अर्थव्यवस्था ==
निपाणीत नगरपालिका आहे. २०१८ मध्ये चिकोडी तालुक्यातून वेगळा निपाणी तालुका अस्तित्वात आला. त्यापूर्वी तालुक्याच्या कामांसाठी चिकोडीला जावे लागे. लोकसभेसाठी शहर चिकोडी मतदारसंघात आहे.

पाटबंधाऱ्याच्या सोयी वाढल्यानंतर परिसरात उसाचे क्षेत्र वाढले आणि तंबाखूचे घटले. येथील हालसिद्धनाथ सहकारी साखर कारखाना हा या बदलाचा एक टप्पा होय. विडीची घटती मागणी, तंबाखूविरोधी कायदे आणि उसाचा तुलनेने निश्चित दर या तिन्हींचा त्यात वाटा आहे. काही जुन्या वखारींच्या जागी आता निवासी इमारती व दुकाने दिसतात.

== धार्मिक व सांस्कृतिक जीवन ==
परिसरातील श्रद्धास्थाने सीमेला फारसे जुमानत नाहीत. जवळच्या कुर्ली–आप्पाचीवाडी येथील हालसिद्धनाथाच्या यात्रेत होणारी ‘भाकणूक’ ऐकण्यासाठी दोन्ही राज्यांतून भाविक येतात. पाऊस, पीक, धान्याचे भाव आणि राजकारण यांविषयीचे भविष्य तीत काव्यमय भाषेत वर्तवले जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ते छापूनही येते. तवंदी घाटाजवळील स्तवनिधी हे जैन तीर्थक्षेत्र असून दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील जैन समाजात त्याला मोठे स्थान आहे. शहरातील दस्तगीर साहेबांचा उरूस संत बाबामहाराज चव्हाण यांच्या परंपरेशी निगडित असून त्याचे मानकरी चव्हाण घराण्यातील आहेत. हिंदू आणि मुस्लिम दोघेही त्यात सहभागी होतात.

== साहित्य ==
निपाणीचे जीवन मराठी साहित्यात सर्वाधिक ठसठशीतपणे आले ते महादेव मोरे यांच्या कथा-कादंबऱ्यांतून. मोरे यांनी टॅक्सी चालवली, गॅरेजमध्ये काम केले आणि पुढे अनेक वर्षे निपाणीतच पिठाची गिरणी चालवली. गिरणी चालवत असतानाच त्यांचे बहुतांश लेखन झाले. ‘एकोणिसावी जात’, ‘रैत’, ‘झोंबड’ ही त्यांची काही पुस्तके. वखारीतील बाया, चालक, मिस्त्री, हमाल, देवदासी आणि तंबाखू पिकवणारे शेतकरी हे त्यांच्या लेखनाचे नायक आहेत आणि त्यांच्या तोंडी असलेली भाषा निपाणी परिसराच्या बोलीचा मौल्यवान दस्तऐवज आहे. ग्रामीण साहित्याची चर्चा प्रामुख्याने शेती आणि गावगाड्याभोवती फिरत असताना, महामार्गावरच्या निमशहरी गावातील श्रमिकांचे हे जग मराठीत आणणाऱ्या मोजक्या लेखकांत त्यांची गणना होते. समीक्षेने मात्र त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. मोरे यांचे २०२४ मध्ये निधन झाले.